सोजरबाईच्या शेळ्या

गेल्या महिन्यापर्यंत ही गोष्ट माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. अम्मी शेवटच्या आजारात होती तेव्हा तिच्या उशाशी बसून मी कितीतरी लहानसहान चुका कबूल केल्या. हरवलेली बांगडी, चोरून पाहिलेला सिनेमा... त्यांतही ही नव्हती. लिहायला बसले की मी भलतंच काहीतरी लिहीत सुटते. आताही पाहा, अम्मीचं सांगायला लागले. थांबा. नीट सांगते.

मी नसीम अत्तार. लातूरच्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलं आणि तिथूनच निवृत्त झाले. आमचं दुकान लातूरच्याच बाजारात होतं. ओवा, बडीशेप, धने, शहाजिरं, बाळंतशेप आणि मागच्या फळ्यांवर जडीबुटी. लहानपणी अब्बा मला डोळे मिटायला लावायचे आणि एकेक चिमूट नाकाशी धरायचे. मी सहसा चुकत नसे. गिऱ्हाइकं कौतुक करायची. पुढे कॉलेजात कळलं, की ओवा, धने, जिरं, बडीशेप ही सगळी एकाच कुळातली. गाजराच्या कुळातली. मला काय वाटलं असेल? वाटलं, हे कुळ तर माझंच. हे मी आता हसत सांगतेय, पण तेव्हा मला ते खरंच तसं वाटत होतं. पुढे जे झालं त्याचं मूळ मला तिथंच दिसतं.

सुनंदा वाघमारे माझी मैत्रीण. औरंगाबादला आम्ही एम.एस्सी.ला एकत्र होतो. ती होस्टेलवर आणि मी खालाच्या, म्हणजे मावशीच्या घरी. ती मुदखेडची. वडील रेल्वेत गँगमन, रोज रूळ तपासत मैलोन् मैल चालणारा माणूस. लेकीला ते म्हणायचे, पाय चालायला दिलेत, जा. आणि ती जायची! सायकल घेऊन, एकटी, कुठल्याही माळावर. दुपारी परत यायची ती केसांत कुसळं आणि पिशवीत पाल्याचा भारा घेऊन. मला घराबाहेर पडायचं तर धाकटा भाऊ सोबत लागायचा. तो कंटाळला की माझं वनस्पतीशास्त्र संपलं.

नंतर आम्हा दोघींनाही लातूरला एकाच कॉलेजात तात्पुरत्या जागा मिळाल्या. जिल्हा तेव्हा नवा होता. जिकडंतिकडं नव्या कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या होत्या, रस्ते रुंद होत होते, भिंती चढत होत्या. आणि नेमका तेव्हाच पाऊस रुसलेला. सुरुवातीलाच मृगाचा एक पाऊस पडला आणि मग आभाळ कोरडं ते कोरडंच. नळाला पाणी कधी येईल ते सांगता यायचं नाही. प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवायला पाणी नसायचं, आम्ही घरून बाटलीत नेत होतो.

त्या पावसाळ्यात सुनंदाला ते झाड सापडलं. झाड कसलं — गुडघ्याएवढं रोपटं. मुरुडच्या अलीकडं एका खेड्याच्या वर मुरमाड माळ होता, तिथं गवतही करपून गेलेलं, आणि त्यात ही चार-पाच रोपं हिरवीगार. जमिनीखाली कंद. त्याच्यात साठवलेल्या ओलाव्यावर पानं फुटलेली, आणि पानांतून वर उठलेला दांडा. त्याच्या टोकाला छत्रीच्या काड्यांसारख्या काड्या, प्रत्येक काडीला पुन्हा एक बारकी छत्री, आणि तिच्यावर पांढऱ्या फुलांचे ठिपके. ती फुलाची एक फांदी घेऊन आली, माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, "बघ. तुझ्या कुळातलं."

मी पान चुरगळून वास घेतला. ओवा नव्हे, बडीशेप नव्हे. रानओवा आपल्याकडं माळावर पुष्कळ दिसतो, तोही नव्हे. मला ओळखता आलं नाही! पुस्तकात पाहिलं. त्याच्या जवळ जाणारी एकच वनस्पती होती, फार जुन्या काळी या पठारावर कुठंतरी एकदा नोंदलेली, आणि तिचंही वर्णन पुरतं जुळत नव्हतं. म्हणजे एक तर ती हरवलेली वनस्पती पुन्हा सापडली होती, नाही तर ही कोणीच कधी न नोंदलेली होती. दोन्हीपैकी काहीही असलं तरी केवढी मोठी गोष्ट! आमच्या विभागप्रमुख सरांनी ती फांदी दाबून, वाळवून पुण्याला एका जाणकारांकडं पाठवली. उत्तर आलं, फूल पाहून या कुळातलं काही ठामपणे सांगता येत नाही, पिकलेली फळं पाठवा.

हे खरं आहे. गाजराच्या कुळातली फुलं एकमेकींच्या जुळ्या बहिणींसारखी असतात. ओळख पटते ती फळावरून. फळ म्हणजे आपण ज्याला ओव्याचा दाणा म्हणतो ते. तो ब्लेडनं आडवा कापायचा, केसापेक्षा पातळ, आणि भिंगाखाली पाहायचा. कडेला किती उंचवटे, दोन उंचवट्यांमधल्या खाचेत तेलाच्या नळ्या किती, एक की अनेक... त्यावर सगळं ठरतं.

तर फळं पिकेपर्यंत थांबायचं होतं. आणि तोवर ती वाचवायची होती. दुष्काळात माळावर हिरवं पान राहतं का? सुनंदानं त्या खेड्यातल्या सोजरबाईला गाठलं. साठीची बाई. तिच्याकडं पाच-सहा शेळ्या, त्या माळावरच चरायच्या. सुनंदानं तिला सांगितलं, मावशी, एवढी रोपं राखा, माझं लई मोठं काम आहे. सोजरबाईनं बोराटीच्या काट्या तोडून आणल्या आणि रोपांभोवती रचल्या. तिच्या शेळ्यांची हाडं दिसत होती तेव्हा. तरीही.

सुनंदाचं लई मोठं काम काय होतं, तेही सांगायला हवं. स्टाफरूममध्ये तिच्या पाठीमागं काय बोललं जायचं ते मला ऐकू यायचं. जागा राखीव होती म्हणून मिळाली, नाहीतर... असलं. तिलाही ऐकू यायचं. एकदा डबा खाताना ती म्हणाली, "हे एकदा झालं ना नसीम, मग कोणी म्हणणार नाही की हिला फुकट मिळालं." आणि लगेच, "आपल्या दोघींचं नाव लावू. कापून तर तूच बघणार आहेस."

दोघींचं नाव. हे ती आपणहून म्हणाली होती. म्हणजे मला काही मिळवायचंही नव्हतं, ते आधीच दिलेलं होतं. लक्षात घ्या.

पोळ्याच्या सुमाराला मुदखेडहून निरोप आला. विहिरीवर पाण्याला गर्दी, रेटारेटीत सुनंदाची आई घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. सुनंदाला जावं लागलं. जाताना तिनं मला एस.टी. स्टँडवर माळाची वाट समजावली आणि म्हणाली, "फळं आता पिवळी पडायला लागलीत. आठवड्याभरात घे, नाहीतर गळून जातील. काही कर, पण जा."

मी गेले. अब्बांना सांगितलं, कॉलेजात परीक्षेचं काम आहे. भावाला चुकवलं. एकटीनं मुरुडच्या एस.टी.त बसले, फाट्यावर उतरले आणि चालू लागले. सत्तावीस वर्षांची बाई मी, पण एकटीनं एवढं लांब चालले ते आयुष्यात पहिल्यांदा. ऊन होतं, वारा होता, मैलभर माणूस नव्हतं. मी मोठ्यानं गाणं म्हटलं. तो दिवस माझ्या आयुष्यातल्या फार आनंदाच्या दिवसांपैकी एक होता — हे मी लपवणार नाही, लपवलं तर उरलेलंही खोटं होईल.

सोजरबाई माळावरच होती. मी सुनंदाचं नाव सांगितलं. तिनं स्वतः काट्या बाजूला सारल्या, हाताला ओरखडे आले तरी. "घ्या बाई. एक शेरडू फिरकू दिलं न्हाई मी हिकडं." मी खाली बसून एकेक छत्री दुकानातून आणलेल्या कागदावर झटकली. दाणे पिवळे-तपकिरी, भरलेले. किती सुंदर दिसत होते! थोडी फळं झाडावर ठेवायची असतात, पुन्हा उगवायला. सुनंदानं ते बजावून सांगितलं होतं. मी ठेवली नाहीत. का नाही ठेवली? हावरटपणानं, एवढंच. तोवर मनात दुसरं काही नव्हतं, शपथेवर सांगते. फक्त सगळी हवी होती. पुडी बांधली, पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत कोणी नसताना मी गाजराच्या तुकड्याला चीर पाडली, तिच्यात दाणा धरला आणि काप घेतले. बरेच काप वाया गेले. मग एक नीट आला. भिंगाखाली पाहिलं तर प्रत्येक खाचेत एकीऐवजी तीन-तीन, चार-चार तेलाच्या नळ्या. सोनेरी. रानओवा नव्हे, हे तिथंच ठरलं. पुस्तकातल्या त्या हरवलेल्या वनस्पतीशी बरंच जुळत होतं, पण उंचवटे वेगळे. मी कितीतरी वेळ डोळा हलवला नाही.

तेवढ्यात सर आले. मी काचपट्टी काढून हाताखाली झाकली. का झाकली? त्यांना दाखवायला काय हरकत होती? ते म्हणाले, "वाघमारे बाई कधी येताहेत? त्यांचं आता नाव होणार." आणि हसत, "अत्तार बाई, मसाल्याच्या दुकानात वाढलात तुम्ही, आणि सापडलं बघा त्यांना!"

माणूस वाईट नव्हता, सहज बोलला. हे वाक्य मी दोष त्यांच्यावर ढकलायला सांगत नाही. ते ऐकून मला जे काही वाटलं ते माझंच होतं, आधीपासूनचं. तिला सायकल, तिला माळ, तिला वडिलांचं "जा" — आणि आता माझं कुळही तिला. असं काहीतरी. आणि सांगायला लाज वाटते, पण स्टाफरूममध्ये जे बोलायचे ना, त्यांच्यासारखंच काहीतरी माझ्याही मनात उमटून गेलं. माझ्या! ज्या मुलीला औरंगाबादला, खालाकडं राहायला जाण्याआधी, स्वतःचं नाव सांगितल्यावर दोन घरांनी खोली नाकारली होती, तिच्या मनात. क्षणभरच. पण क्षणभर तरी होतंच ना?

तरीही, मी तेव्हाही काही ठरवलेलं नव्हतं. सुनंदा परत आली, ओढलेल्या चेहऱ्यानं, थेट स्टँडवरून कॉलेजात. दारातूनच विचारलं, "मिळाली का गं?"

आणि मी म्हणाले, "शेळ्यांनी खाल्लं."

पुडी माझ्या पर्समध्ये होती. पर्स माझ्या मांडीवर. "थट्टा केली" म्हणून हसून पुडी तिच्या हातात द्यायला एक श्वास पुरला असता. मी तो श्वास घेतला आणि म्हणाले, "मी गेले तेव्हा काहीच नव्हतं. नुसते दांडे."

ती मटकन स्टुलावर बसली. रडली नाही. "तरी मावशीला सांगितलं होतं," एवढंच म्हणाली.

इथंच संपलं असतं तर मी हे लिहायला बसले असते का? माहीत नाही. कदाचित नसते बसले. संपलं नाही. दोन दिवसांनी ती म्हणाली, चल, आपण जाऊन येऊ, एखादी छत्री खाली गळली असेल, चार दाणे मिळाले तरी पुरे. नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही. या खेपेला भाऊही सोबत आला, फाट्यावरच्या हॉटेलात बसून राहिला. आम्ही दोघी माळावर गेलो.

काट्या जागच्या जागी होत्या. माझ्यामागं सोजरबाईनं पुन्हा नीट रचून ठेवल्या होत्या. आत रोपांचे दांडे उभे, पानं वाळत चाललेली, पण शाबूत. शेळीनं खाल्लं तर दांडा राहतो का? पान राहतं का? सुनंदा बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "नसीम, काट्या तर जशाच्या तशा आहेत गं."

मी काही बोलणार तोच सोजरबाई वर आली. सुनंदाला बघून तिचा चेहरा उजळला. "आलीस माय? घावलं का समदं? काय म्हन्ली मोठी मान्सं?"

सुनंदा म्हणाली, "मावशी, शेळ्यांनी खाल्लं ना?"

"शेळ्यांनी?" ती गोंधळली. मग माझ्याकडं बघितलं. "न्हाई माय. ह्याच बाई तर आल्त्या. काट्या म्याच सारल्या. कागदात झाडून नेलं की समदं."

सुनंदा माझ्याकडं वळली. तिच्या डोळ्यांत संशय नव्हता, नुसता प्रश्न होता. आणि मी — मी सोजरबाईच्या तोंडाकडं बघत म्हणाले, "मी आले तेव्हा काहीच नव्हतं. यांना दुसरं कोणी वाटलं असेल. वय झालंय."

"वय झालं तरी डोळं हायेत की बाई," सोजरबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुम्हीच हुत्या. निळी पर्स हुती."

निळी पर्स माझ्या खांद्यावरच होती. पुडी अजून तिच्यातच.

सुनंदानं आम्हा दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं. एकीकडं दोन वेळच्या भेटीची ओळख, दुसरीकडं सहा वर्षांची मैत्रीण. ती सोजरबाईला म्हणाली, आणि अगदी मायेनं म्हणाली, "मावशी, खरं सांगितलं असतं तरी मी काही म्हणाले नसते. दुष्काळच असा आहे. जनावर उपाशी असल्यावर कोण काय करणार?"

सोजरबाईनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. एखादा माणूस असंही करतो का, हे पहिल्यांदाच दिसल्यासारखं. मग म्हणाली, "व्हय. तुम्ही शिकलेल्या." आणि शेळ्यांना हाक घालत उतारानं निघून गेली. मागं वळली नाही.

परत जाताना एस.टी.त सुनंदा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

त्या रविवारी मी पुडी चुलीत टाकली. दाण्यांत तेल असतं ना, भसकन पेटली. घरभर वास सुटला. तसा वास मी आधी कधी घेतला नव्हता, नंतरही नाही. अम्मी न्हाणीघरातून ओरडली, "काय जळतंय गं? ओवा का?"

"हो, ओवा," मी म्हणाले.

काचपट्टीवरचे कापही धुऊन टाकले.

पुण्याला सरांनी कळवलं, फळं मिळाली नाहीत. तिकडून उत्तर आलं, मग काही सांगता येणार नाही. स्टाफरूममध्ये एक जण म्हणाला, रानओवा घेऊन नाचल्या असतील बाई. सगळे हसले. सुनंदा तिथंच बसली होती, वही तपासत. मीही तिथंच होते. मी हसले नाही. पण तोंडही उघडलं नाही. त्या खोलीत मी एकटीच होते, जिला ठाऊक होतं की तो रानओवा नव्हता!

पुढच्या वर्षी बघू, सुनंदा म्हणत राहिली. कंद होते ना जमिनीत. पुढच्या वर्षी पाऊस त्याहून कमी. आणि उन्हाळ्यातच त्या माळाला खणती लागली होती. नव्या रस्त्यांना मुरूम हवा होता आणि माणसांच्या हातांना काम हवं होतं. रोजगार हमीवर अख्खं खेडं तिथं टिकाव घेऊन उतरलं. त्यात काही चूक नव्हतं, लोकांच्या पोटाचा प्रश्न होता. सुनंदा जाऊन आली. म्हणाली, माळाचा उंचवटाच राहिला नाही. "आणि मावशी होती कामावर. मला बघितलं, पण बोलली नाही."

सुनंदानं आसपासचे माळ पालथे घातले. मला दिसलं नाही कुठं, म्हणायची. मग तिनं शोधणं सोडलं. वर्ष संपल्यावर तिची तात्पुरती जागा पुढं चालू राहिली नाही, माझी राहिली. ती बी.एड. करून नांदेडला एका हायस्कुलात लागली. लग्न झालं, मुलगा झाला. चांगली शिक्षिका झाली, सगळे सांगतात. संशोधन मात्र पुन्हा केलं नाही.

मी केलं. पीएच.डी. कशावर केली असेल? गाजराच्या कुळावर. लातूर-नांदेडकडच्या या कुळातल्या सगळ्या वनस्पती. परीक्षकांनी काम परिपूर्ण आहे म्हणून तारीफ केली. सुनंदा पेढे घेऊन नांदेडहून आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हिची एकच राहिली हो. ती शेळ्यांनी खाल्ली." लोक हसले. मीही हसले. त्या वेळी मात्र हसले.

त्यानंतर कितीतरी वर्षं. ईदला तिचा फोन, चौदा एप्रिलला माझा. मुलांची लग्नं, दुखणी. ती माझ्याकडं चार-चार दिवस राहून गेली. दर वेळी वाटायचं, आता सांगावं. मग वाटायचं, आता सांगून काय? झाडही नाही, माळही नाही. पण हे पळवाट शोधणं होतं. सोजरबाई तर होती ना? बरीच वर्षं होती. लातूरहून तिचं खेडं तासाभराच्या वाटेवर. मी कधीच गेले नाही.

गेल्या महिन्यात मी नांदेडला सुनंदाकडं गेले आणि तिच्या स्वयंपाकघरात बसून सगळं सांगितलं. पुडी, चूल, काप. ती मेथी निवडत होती. मी बोलायचं थांबले तरी ती निवडतच राहिली. मला वाटलं होतं ती आपल्या झाडाचं काही म्हणेल, आपल्या गेलेल्या नोकरीचं म्हणेल. ती म्हणाली, "म्हणजे म्हातारी खरं बोलत होती."

"हो."

"आणि मी तिला खोटं ठरवलं. वर तिला माफ पण केलं मी, नसीम! केवढ्या मोठेपणानं माफ केलं."

मग ती उठून आतल्या खोलीत गेली. मी बराच वेळ थांबले. ती आली नाही. मी दार ओढून घेतलं आणि स्टँडवर आले.

आठ-दहा दिवसांनी तिचा फोन आला. आवाज सपाट होता. "मी मुरुडकडं जाऊन आले. सोजरबाई नाही आता. लेक आहे तिची, तिथंच. तिला सांगितलं, की तुमची आई खरं बोलत होती, चूक माझी झाली. तुझं नाव सांगितलं नाही. ते तुझं तू सांग." फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन नाही. मीही केलेला नाही.

परवा मी गेले. त्या माळाच्या जागी आता खड्डा आहे, त्यात वेडी बाभूळ माजलीय. सोजरबाईची लेक अंगणात तूर पाखडत होती. माझ्याहून थोडी लहान असेल. मी उभ्यानंच सांगितलं, की तुमच्या आईनं काट्या बाजूला करून दिल्या ती बाई मी. फळं मी नेली. शेळ्यांनी काही खाल्लं नव्हतं. तुमच्या आईला मी खोटं पाडलं.

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडं नीट बघितलं.

"आय लई दिस म्हनायची," ती म्हणाली. "दुष्काळात हिरवं पान राखलं, आन् खोटी मीच. आमाला वाटायचं, म्हातारी उगंच बरळतीया. आमी बी इस्वास ठिवला न्हाई तिच्यावर."

तिनं सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली. बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी थोडा वेळ तिथं उभी होते. मग फाट्याकडं चालू लागले.